वरचा सा रेंगाळतो तेव्हा

पेटीवर पांढरी एकचा सा आणि त्याला चिकटलेला कोमल रे एकदम दाबून धरला, की भात्यातली हवा संपेपर्यंत एक खरखर कानाला लागत राहते. मध्य सप्तकात या स्वरांची कंपने सेकंदाला सुमारे २६१.६ आणि २७७.२ असतात, त्यांच्यातील फरकाइतक्या वेळा, म्हणजे सेकंदाला पंधरासोळा वेळा, एकत्रित आवाज लहानमोठा होतो. कानाला हे चढउतार सुटे मोजता येत नाहीत, म्हणून ते खरखरीसारखे भासतात. विसंवादाचे हे स्पष्टीकरण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये मांडले.

ते खरे आहे, पण पुरेसे नाही, हे फेस्ताच्या दिवशी गोव्यातील चर्चमध्ये चार आवाजांतले गाणे लक्ष देऊन ऐकले की उमगते. समजा, सगळ्यांनी मिळून सा-ग-प हा मेळ, म्हणजे एकाच वेळी लागणाऱ्या स्वरांचा गट, धरला आहे आणि सर्वांत वरच्या ओळीत तार सा आहे. मग खालचा आवाज प वर जातो, मधले आवाज प-नी-रे या मेळाकडे वळतात, वरची ओळ मात्र सा सोडत नाही. नेमका याच क्षणी जोराचा ठोका पडतो आणि नी ची जागा अडवून बसलेला सा परका वाटू लागतो. पुढच्या मात्रेला तो एक पायरी उतरून नी वर येतो आणि ताण सुटतो. याला सस्पेन्शन म्हणतात. गंमत अशी, की खालचा प आणि हा सा यांच्या कंपनांचे प्रमाण ३:४ इतके सोपे आहे, आणि षड्ज-मध्यम भाव, म्हणजे सा आणि म यांचे नाते, म्हणून आपण ते संवादीच मानतो. तरीही सर्वांत खालच्या आवाजाशी होणारी ही जोडी युरोपच्या जुन्या शिस्तीत विसंवादी गणली जाते, कारण स्वर कोठून आला आणि कोठे जाणार, यालाही तेथे तेवढेच महत्त्व आहे.

सा-ग-प हा मेळ चालू असताना ग वरून सा कडे येताना हलक्या मात्रेवर लागणारा रे तर कोणाला खटकतही नाही.

भैरव रागात खालचा मेळ बदलत नाही. तंबोऱ्याचा षड्ज अखंड असतो आणि गायक आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणाऱ्या, कोमल रे वर रेंगाळून सा वर उतरतो. घर्षण पेटीवरचेच, पण ती उतरण्याची ओढ आधीपासून ऐकू येते. पेटीला मात्र ते आंदोलन साधत नाही, कारण दोन पट्ट्यांमधला स्वर तिच्यात नाही.