परत आलेला अर्ज रांग किती वाढवतो?

बँकेत रांग लांबली की दोनच निदानं ऐकू येतात: कर्मचारी संथ आहेत, नाहीतर काउंटर कमी आहेत. उपायही ठरलेला, नवं अ‍ॅप आणा. मला हे सगळंच अपुरं वाटतं. रांगेचं एक गणित आहे. बँकेची गुणवत्ता, तिथली नवी तंत्रं आणि तिचा नफा यांची गाठ कुठे पडते, हे त्या गणिताइतकं स्वच्छ मला दुसऱ्या कशातूनच दिसलेलं नाही.

त्याची सुरुवात बँकेत झाली नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांगने १९०९ मध्ये, फोन केव्हाही कसेही येतात तेव्हा काय होतं यावर निबंध लिहिला आणि त्यातून रांगांचं शास्त्र उभं राहिलं.

एक काउंटर डोळ्यांपुढे आणा. दर ग्राहकाला सरासरी ५ मिनिटं लागतात. माणसं केव्हाही येतात आणि कामाचा वेळही कमीजास्त होतो. काउंटर निम्मा वेळच व्यस्त असेल, तर रांगेत सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के व्यस्त असेल तर २० मिनिटं, ९० टक्क्यांना ४५ आणि ९५ टक्क्यांना ९५ मिनिटं. व्यस्त भागाला मोकळ्या भागाने भागायचं आणि ५ ने गुणायचं, एवढंच सूत्र आहे. मोकळा भाग भागाकारात खाली बसलेला असल्यामुळे तो थोडासा आटला तरी रांग फुगते.

आता गुणवत्तेकडे येऊ. समजा काउंटर ८५ टक्के व्यस्त आहे; थांबणं साधारण २८ मिनिटं. पण शंभरातले दहा अर्ज चुकून परत येतात: कुठे सही राहिली, कुठे खातेक्रमांकाचा आकडा चुकला. तेच काम पुन्हा करावं लागतं आणि पुन्हा केलेल्यातलेही दहा टक्के परत येतात. खरा भार ८५ भागिले ०.९, म्हणजे सुमारे ९४.४ टक्के होतो. सूत्रात घाला: ८५ मिनिटं! चूक दहा टक्क्यांची, थांबणं तिप्पट. शिवाय ज्याच्या अर्जात काहीच चूक नव्हती तोही तिप्पट थांबतो. गुणवत्ता व्यवस्थापन म्हणजे भिंतीवरचं प्रमाणपत्र नव्हे. ही चूक तिच्या उगमापाशी, अर्जाच्या नमुन्यातच, बुजवणं म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापन. एकही माणूस न वाढवता मोकळा वेळ परत मिळवण्याचा तो मार्ग आहे.

याहून सुंदर भाग पुढे आहे. सरासरी तीच ठेवून फक्त चढउतार बदलला तर? पोलाचेक आणि खिंचिन या गणितज्ञांनी १९३० च्या सुमारास याचं उत्तर काढलं. प्रमाण विचलनाला, म्हणजे कामाचा वेळ सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्या मापाला, सरासरीने भागून वर्ग करा, त्यात १ मिळवा, निम्मं करा आणि आधीच्या उत्तराला त्याने गुणा. ९० टक्के भाराला प्रत्येक काम नेमकं ५ मिनिटांचं असेल, तर थांबणं २२.५ मिनिटं. दहातली नऊ कामं ३ मिनिटांची आणि एक २३ मिनिटांचं असेल, तर सरासरी तीच ५, पण थांबणं ५५ मिनिटं.

इथे नवं तंत्र आत येतं. लंडनच्या एनफिल्ड भागात १९६७ साली बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं, तेव्हापासून यंत्रं प्रामुख्याने सोपी, छोटी कामं उचलत आली आहेत. वरच्या दहांपैकी ३ मिनिटांची पाच कामं यंत्राकडे गेली असं धरा. काउंटरचा भार ६३ टक्क्यांवर उतरतो आणि थांबणं ५५ वरून १४ मिनिटांवर येतं. छानच! पण मग खर्च वाचवायला दुसरी शाखा बंद करून तिचे ग्राहक इकडे वळवले आणि भार पुन्हा ९० टक्के झाला, तर? उरलेली कामं सरासरी ७ मिनिटांची आणि गुंतागुंतीची आहेत. थांबणं ७३ मिनिटं, म्हणजे यंत्र येण्याआधीपेक्षा जास्त. चॅटबॉट नव्वद टक्के प्रश्न सोडवतो अशी जाहिरात वाचली की मला म्हणूनच उरलेल्या दहा टक्क्यांची काळजी वाटते. ती माणसं शेवटी कुणापुढे येऊन उभी राहतात, हे जाहिरात सांगत नाही.

आणि नवं तंत्रच चुकलं तर? ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले ग्राहक नव्या संगणक प्रणालीवर हलवले. माहिती नीट पोचली, प्रणाली मात्र लगेच कोलमडली. ५२ लाख ग्राहकांपैकी मोठ्या संख्येला त्याचा फटका बसला आणि व्यवहार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेने ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. तंत्र नवं होतं, पण पुरेशी चाचणी झाली नव्हती.

व्यापारी बँकेच्या मालमत्तेवरचा नफा बहुधा टक्का-सव्वा टक्क्याच्या आसपास फिरतो. एवढ्या अरुंद जागेत दुबार कामाचा खर्च लगेच टोचतो, आणि उत्पन्नाच्या तुलनेत खर्च किती या गुणोत्तरात तो दिसतो. पण फक्त नफा पाहून ‘गुणवत्ता चांगली म्हणून बँक चांगली’ असं म्हणणं घाईचं आहे. व्याजदर, बुडीत कर्जं, अर्थव्यवस्थेची तब्येत, सगळंच त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. शिवाय नफ्यातल्या बँकेलाच गुणवत्तेवर खर्च करणं परवडतं. कारण आणि परिणाम वेगळे काढायचे असतील, तर बदल सगळीकडे एकाच दिवशी करू नये. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही शाखांत तो आधी करावा, बाकीच्या तशाच ठेवाव्यात, आणि दोन्हीकडे किती अर्ज परत आले, माणसं किती वेळ थांबली, एका कामाला किती खर्च आला, हे काही महिने मोजत राहावं.