ब्रूस्टर एक्सए-३२

ब्रूस्टर एक्सए-३२ हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी बनवलेले, जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करणारे एकआसनी प्रायोगिक विमान होय. नावातला ‘एक्स’ प्रायोगिक अवस्था दाखवतो आणि ‘ए’ हल्ल्याचे काम. १९४३ च्या मे महिन्यात त्याने पहिले उड्डाण केले. दोनच विमाने तयार झाली, दुसऱ्याला एक्सए-३२ए म्हणत. उत्पादनाचा आदेश कधीच निघाला नाही. ते बनवणारी ब्रूस्टर एरोनॉटिकल कॉर्पोरेशनही पुढे जेमतेम तीन वर्षे टिकली.

पोलंड आणि फ्रान्सच्या मोहिमांत जर्मनीच्या स्टुका विमानांनी जो धसका बसवला, त्यातून अमेरिकी लष्करालाही सूर मारून बाँब टाकणारी विमाने हवीशी वाटू लागली. एक्सए-३२ त्याच ओढीतून जन्मले. रुंद, पिंपासारखा देह, देहाच्या मध्यावर बसवलेले पंख, पोटात बाँब ठेवण्याची जागा, जड मशीनगन आणि तोफा. नाकात प्रॅट अँड व्हिटनीचे अठरा सिलिंडरांचे आर-२८०० इंजिन, सुमारे २,१०० अश्वशक्तीचे. पण भरलेल्या विमानाचे वजन सात टनांच्या घरात गेले आणि बोजड आकारामुळे हवेचा रोधही मोठा होता. कमाल वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच राहिला. इंजिन नीट थंड राहीना. धुरांड्यांची आखूड नळकांडी इंजिनाच्या आवरणाभोवती उघडी सोडलेली होती. त्यांचा आवाज वैमानिकाच्या कानठळ्या बसवी आणि रात्री त्यांतल्या ज्वाळांनी त्याचे डोळे दिपत. शत्रूच्या डोक्यावरून कमी उंचीवर उडायच्या विमानात वैमानिकाला समोरचे दिसू नये, यापरता मोठा दोष नाही.

एक्सए-३२ ची खरी गरज संपवली ती पी-४७ थंडरबोल्टने. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच, फार्मिंगडेलला, रिपब्लिक कंपनी हे लढाऊ विमान बनवत होती. त्यातही आर-२८०० इंजिनच होते. ते उंचीवर ताशी ६५० किलोमीटरच्या पुढे जाई, आठ जड मशीनगन वागवी आणि पंखांखाली बाँब लटकवले की जमिनीवरचा हल्लाही करी. बाँब टाकून झाल्यावर शत्रूच्या विमानांशी झुंजण्याची ताकद त्याच्यात उरे. तेव्हा खास हल्ल्यासाठी वेगळे, संथ विमान कशाला, या प्रश्नाला ब्रूस्टरकडे उत्तर नव्हते.

वजनाची ही खोड कंपनीला जुनीच होती. ब्रूस्टर हे मूळचे एकोणिसाव्या शतकातले बग्गी बनवणारे घराणे, नंतर मोटारगाड्यांची आलिशान कवचे घडवणारे. त्याचा विमानविभाग १९३२ मध्ये जेम्स वर्क यांनी विकत घेतला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या लाँग आयलंड सिटीतली कारखान्याची इमारत बहुमजली होती आणि तिच्याजवळ धावपट्टी नव्हती. मजल्यामजल्यांवर तयार झालेले भाग ट्रकवर घालून विमानतळावर न्यावे लागत. अशा जागेतून १९३७ मध्ये एफ२ए ‘बफेलो’ निघाले. त्याने ग्रमन कंपनीच्या स्पर्धक विमानावर मात केली आणि अमेरिकी नौदलाचे पहिले एकपंखी (पंखांची एकच जोडी असलेले) लढाऊ विमान होण्याचा मान मिळवला. पण प्रत्येक सुधारित आवृत्तीत चिलखत, इंधन आणि सामान वाढत गेले, पंख तेवढेच राहिले. ४ जून १९४२ रोजी प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरून जपान्यांशी लढायला मरीन दलाची वीसेक बफेलो झेपावली, त्यांतली १३ परत आली नाहीत. मागून आलेले बक्कनीअर हे बाँबफेकी विमानही इतके जड निघाले की ७७१ बांधूनही त्यांची रवानगी मुख्यतः प्रशिक्षणाकडे झाली.

कारखान्यातला कारभारही ढासळला होता. परदेशी विक्री सांभाळणारे मिरांडा बंधू बेकायदा शस्त्रविक्रीत दोषी ठरले होते. एप्रिल १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने नौदलाने कंपनी ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी सूत्रे जहाजबांधणीत नाव कमावलेल्या हेन्री कायझर यांच्याकडे आली, पण संप चालूच राहिले आणि अमेरिकी संसदेत चौकशीही झाली. व्हॉट कंपनीच्या आराखड्यावरून नौदलासाठी कोर्सेअर हे लढाऊ विमान बनवण्याचे काम मिळाले होते. ब्रूस्टरने ७३५ केली. तेच विमान गुडइयर कंपनीने युद्ध संपेपर्यंत चार हजारांहून अधिक बांधले. दोष एकट्या कामगारांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. आराखडे, जागा आणि व्यवस्थापन या तिन्ही ठिकाणी घडी विस्कटलेली होती.

मे १९४४ मध्ये नौदलाने कोर्सेअरचे कंत्राट रद्द केल्याचे जाहीर केले. तेव्हा हजारो कामगार घरी न जाता कारखान्यातच ठाण मांडून बसले. काम मागण्यासाठी केलेला हा ठिय्या होता. काम मिळाले नाही. एप्रिल १९४६ मध्ये भागधारकांनी कंपनी विसर्जित केली.

पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सव्हिलचा तिचा कारखाना नौदलाचे संशोधन केंद्र झाला. तिथल्या प्रचंड अपकेंद्री यंत्रात पुढे मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेच्या अंतराळवीरांना गरगर फिरवून सराव दिला गेला. क्वीन्समधल्या जुन्या इमारतीत २०१२ पासून जेटब्लू या विमान कंपनीचे मुख्यालय आले.

एक्सए-३२ आज कोणत्याही संग्रहालयात नाही. बफेलो मात्र एक उरले आहे. अमेरिकेने फिनलंडला दिलेली ४४ विमाने सुरुवातीच्या, हलक्या घडणीची होती आणि फिनिश वैमानिकांनी त्यांच्या जोरावर सोव्हिएत हवाई दलाला जेरीस आणले. त्यांपैकी बीडब्ल्यू-३७२ हे १९४२ मध्ये पडलेले विमान १९९८ मध्ये रशियाच्या करेलिया प्रांतातल्या एका तळ्यातून वर काढले. आता ते फिनलंडमधल्या टिक्काकोस्कीच्या विमान संग्रहालयात आहे, तळ्यात गेलेल्या रंगासकट.