मीटिंग ‘ठरली’ आणि मीटिंग ‘झाली’: टाइमशीट कोणत्या ट्रिगरवर भरायची?

गूगल कॅलेंडरमधल्या मीटिंगा आपोआप टॉगल किंवा क्लॉकिफाय या तासांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये उतरवायला झॅपियर (दोन अ‍ॅप आपोआप जोडणारी सेवा) उघडलं की ट्रिगरच्या, म्हणजे ज्या घटनेवर पुढचं काम आपोआप सुरू होतं तिच्या, यादीत ‘न्यू इव्हेंट’ दिसतो. नाव सोपं आहे, म्हणून तोच निवडला जातो. त्याच यादीत ‘इव्हेंट एंडेड’ही असतो, पण तिथवर नजर जात नाही. मग महिनाअखेरीला तास जुळत नाहीत आणि खापर टाइमशीटच्या सॉफ्टवेअरवर फुटतं. सॉफ्टवेअरचं काही चुकलेलं नसतं, निवडलेला ट्रिगर चुकीचा असतो.

खाती जोडणं, परवानग्या देणं, प्रोजेक्ट निवडणं हे तुम्हाला येतं असं धरतो. ते पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात कुणी अडत नाही.

अडतं ते इथे. ‘न्यू इव्हेंट’ म्हणजे कॅलेंडरवर तो रंगीत चौकोन कुणीतरी काढला तो क्षण. ‘इव्हेंट एंडेड’ म्हणजे घड्याळाचा काटा त्या चौकोनाच्या खालच्या कडेपलीकडे गेला तो क्षण. या दोन क्षणांच्या मधे मीटिंग पुढे ढकलली जाते, रद्द होते, तासाची अर्ध्या तासावर येते. टाइमशीटला मधलं हे सगळं हवं असतं आणि ‘न्यू इव्हेंट’ला त्यातलं काहीच दिसत नाही.

क्लायंटने मंगळवारी सकाळी गुरुवारच्या 4 ते 5 या वेळेत मीटिंग टाकली असं समजा. ‘न्यू इव्हेंट’वर बांधलेलं ऑटोमेशन मंगळवारीच गुरुवारचा एक तास लिहून टाकतं. बुधवारी ती मीटिंग शुक्रवारी 11 ते 11:30 अशी सरकते. सरकणं म्हणजे नवीन तयार होणं नव्हे, त्यामुळे ट्रिगर ढिम्म. गुरुवारचा न झालेला तास तसाच राहतो, शुक्रवारचा झालेला अर्धा तास कुठेच येत नाही आणि बिल त्याच नोंदींवरून निघतं.

यावर ‘न्यू ऑर अपडेटेड इव्हेंट’ लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया लावू नका. बदल झाला की हा ट्रिगर दुसरी नोंद करतो, पण पहिली पुसत नाही. अजेंड्यातला एक शब्द दुरुस्त केला तरी आणखी एक नोंद. आधी तास चुकत होते, आता त्यावर आणखी जास्तीचे तास क्लायंटच्या बिलात जातात आणि ते अधिक वाईट आहे.

रोजच्या मीटिंगांमध्ये हाच फरक सर्वाधिक नुकसान करतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी 10 चा स्टँडअप (टीमची रोजची छोटी आढावा बैठक) कॅलेंडरमध्ये पाच चौकोन दाखवतो, पण साठवलेली गोष्ट एकच असते: एक मूळ इव्हेंट आणि त्याच्यासोबत पुनरावृत्तीचा नियम. कॅलेंडरची माहिती कशी लिहायची हे ठरवणाऱ्या 2009 च्या आरएफसी 5545 या आयकॅलेंडर मानकात हा नियम लिहिण्याची रीत ठरलेली आहे. मालिका एकदाच तयार होते, म्हणून ‘तयार झाली’ ही घटनाही एकदाच घडते. संपते मात्र रोज. सोमवारचा स्टँडअप टाइमशीटमध्ये आहे आणि मंगळवारपासून सगळं कोरं, अशी तक्रार कुठे दिसली तर कारण बहुधा हेच.

यावर उपाय म्हणून मालिकेची वेळ एकदा वाचून पुढच्या रोजच्या नोंदी स्वतःच पाडणारेही आहेत. पुण्यातून अमेरिकेच्या क्लायंटसाठी काम करणाऱ्यांना हे नोव्हेंबरात महागात पडतं. न्यूयॉर्कच्या सकाळी 11 ला बांधलेली मालिका उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री 8:30 ला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे गेलं की तीच मीटिंग 9:30 ला. कॅलेंडर हे आपोआप सांभाळतं, आधीच पाडून ठेवलेल्या नोंदी सांभाळत नाहीत.

तेव्हा टाइमशीटसाठी ‘इव्हेंट एंडेड’ घ्या. ‘न्यू इव्हेंट’ ठेवा तयारीच्या कामांसाठी: प्रोजेक्ट उघडून ठेवणं, अजेंड्याचं मेल पाठवणं. तिथे तो उत्तम चालतो.

‘एंडेड’लाही मर्यादा आहे. त्याला कळते ती ठरलेली अखेर. मीटिंग प्रत्यक्षात वीस मिनिटं लांबली तर कॅलेंडरला ते ठाऊक नसतं. म्हणून आपोआप आलेली प्रत्येक नोंद बिलेबल (क्लायंटला बिल लावायची) नाही अशीच येऊ द्या, तिला ‘कॅलेंडर’ असा टॅग लावा, आणि आठवड्यातून एकदा त्या टॅगवर गाळून, वेळ तपासून मगच बिलेबल करा. ही पायरी वगळू नये.

थोडी स्क्रिप्ट लिहिता येत असेल तर आमची पसंती झॅपियरपेक्षा गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्टला, म्हणजे गूगलच्या अ‍ॅपसाठी छोटे प्रोग्राम लिहिण्याच्या सोयीला. दिवसभर एकेका इव्हेंटच्या मागे धावण्यापेक्षा रात्री एकदाच सगळा दिवस वाचायचा. तोवर बदल होऊन गेलेले असतात. रोजचा ट्रिगर रात्री 1 ते 2 या तासात ठेवा आणि स्क्रिप्टला ‘काल’चा दिवस मागायला सांगा. रात्री 11 ते 12 ठेवून ‘आज’ मागितलं तर स्क्रिप्ट 11:10 ला धावेल की 11:50 ला हे आपल्या हातात नसतं आणि उशिराचे कॉल निसटतात. 11:30 ते 12:30 चा कॉल दोन्ही दिवसांच्या यादीत येतो, कारण दिवसाला स्पर्श करणारा प्रत्येक इव्हेंट मिळतो. ज्याची अखेर कालच्या दिवसात आहे तोच घ्यायचा.

मग येते आयडीची खोच. एकच नोंद दोनदा होऊ नये म्हणून इव्हेंटचा आयडी शीटमध्ये लिहून ठेवणं बरोबरच आहे. पण अ‍ॅप्स स्क्रिप्टची साधी कॅलेंडर सेवा मालिकेतल्या सगळ्या मीटिंगांना एकच आयडी देते. त्यावरून तपासलं की मंगळवारचा स्टँडअप ‘आधीच नोंदलेला’ ठरतो आणि गळतो, म्हणजे ‘न्यू इव्हेंट’चाच रोग मागच्या दाराने परत. प्रगत कॅलेंडर सेवा चालू करा आणि मालिका सुटी करून मागवा. तिथे प्रत्येक मीटिंगला स्वतःचा आयडी मिळतो: मालिकेचा आयडी, अंडरस्कोअर आणि मूळ सुरुवातीची यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ. आपला सकाळी 10 चा स्टँडअप तिथे 04:30 असा दिसतो. तेच यूटीसी टाइमशीटला पाठवतानाही पाळा. भारतीय वेळेमागचं +05:30 कापून तिथे यूटीसीची खूण असलेलं झेड हे अक्षर चिकटवलं तर 10 ची मीटिंग दुपारी 3:30 ला जाऊन बसते. स्क्रिप्टचा टाइमझोन आशिया/कोलकाता आहे ना, हेही सेटिंगमध्ये एकदा बघा.

दिवसभराचे इव्हेंट गाळा, नाहीतर ‘रजा’ नावाची 24 तासांची नोंद होईल. तुम्ही नकार दिलेल्या मीटिंगाही यादीत येतात, त्या तुमच्या उत्तरावरून गाळा.

कृतीच्या बाजूला ‘टाइमर सुरू कर’ आणि ‘नोंद तयार कर’ यांतही गल्लत होते. नोंदच तयार करा. टॉगल आणि क्लॉकिफायमध्ये एका माणसाचा एकच टाइमर चालतो, त्यामुळे ऑटोमेशनने नवा सुरू केला की तुम्ही हाताने लावलेला बंद पडतो. शिवाय झॅपियरची फुकटची योजना साधारण दर 15 मिनिटांनी तपासते, म्हणजे सुरुवातच उशिरा. एपीआयने (प्रोग्राममधून थेट अ‍ॅपशी बोलण्याच्या सोयीने) नोंद करताना क्लॉकिफायला अखेरीची वेळ द्यायची राहिली तर ती नोंद आपसूक चालता टाइमर बनते. टॉगलमध्ये कालावधी सेकंदांत द्यायचा, तिथे उणे 1 म्हणजे चालू टाइमर.

ईमेलचंही तसंच. मेल आलं म्हणजे काम झालं नाही. ‘नवीन मेल’वर नोंद करू नका. काम संपल्यावर मेलला हाताने ‘तास’ असं लेबल लावा आणि ट्रिगर त्या लेबलवर ठेवा. मिनिटं मेलमधून अंदाजाने काढू नका, ‘तास-15’, ‘तास-30’ अशी दोन-तीन लेबलं ठेवलीत तर आकडाही तिथेच मिळतो.