आधी जाळी, मग फरशी

न्हाणीघर नव्याने करायचे ठरले की बहुतेक कुटुंबे आधी टाइल्सच्या दुकानात जातात, आणि पाणी कोठून जाणार हा प्रश्न प्लंबर दारात आल्यावर निघतो. उंबरठा नसलेल्या, सरळ चालत आत जाता येणाऱ्या शॉवरसाठी हा क्रम उलटा हवा. कारण तेथे पाणी अडवायला कठडा नसतो आणि ते कोरड्या भागात जाऊ न देण्याची सारी जबाबदारी उतारावर येऊन पडते.

हा उतार साधारणपणे 60 ला 1 इतका ठेवतात, म्हणजे 120 सेंटिमीटर अंतरात फरशी 2 सेंटिमीटर खाली येते. चौकोनी जाळी मधोमध बसवली, तर हा ढाळ चारही बाजूंनी एका बिंदूकडे द्यावा लागतो आणि जमिनीला उथळ ताटलीचा आकार येतो. टाइल वाकत नसल्याने दोन फुटी टाइल अशा जागी तिरकी कापूनच बसवावी लागते. लहान टाइल मात्र सांध्यासांध्यावर थोडी थोडी वळत जाते. भिंतीलगत लांबट चॅनेल जाळी घेतली, तर उतार एकाच दिशेने येतो आणि मोठी टाइल अखंड बसते. परंतु जाळी लांब म्हणून निचरा जलद, हा समज खरा नाही, कारण खालचा पाइप किती रुंद आहे यावरच निचरा ठरतो. शिवाय आपल्याकडे खरी परीक्षा शॉवर घेत नाही, बादली घेते: शॉवरमधून मिनिटाला सुमारे दहा लिटर पाणी पडते, तर 15 लिटरची बादली पाच सेकंदांत उपडी होते.

जाळीखालच्या ट्रॅपमध्ये सुमारे 50 मिलिमीटर पाणी कायम उभे राहते व गटारातील वायू अडवते. (भारतीय अभियंते इंग्रजीत लिहितानाही याला ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात, हे आपल्या न्हाणीचे देणे.) पाहुण्यांचे न्हाणीघर बरेच आठवडे बंद राहिले, की हे पाणी उडून जाते आणि वास येऊ लागतो. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण 300 हून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हा विषाणूच्या प्रसाराचा एक मार्ग मानला गेला. काही जाळ्यांत हा पाण्याचा अडसर उलट्या वाटीमुळे तयार होतो. पाणी लवकर जावे म्हणून ती वाटी काढून ठेवणारे घर वासाला स्वतःच दार उघडून देते.

आता फरशी. ओल्या गुळगुळीत टाइलवर तळपाय व फरशी यांच्यामध्ये साबणाच्या पाण्याचा पातळ थर राहतो आणि पाऊल त्या थरावर तरंगते. खडबडीत पृष्ठभागाचे बारीक उंचवटे तो थर फोडतात. टाइलच्या खोक्यावरील ‘आर 10’, ‘आर 11’ हे आकडे बूट घालून, तेल लावलेल्या उतरणीवर चालून ठरवलेले असतात. अनवाणी पायांसाठी जर्मन पद्धतीत ए, बी, सी अशा चढत्या पकडीच्या वेगळ्या श्रेणी आहेत. शॉवरसाठी निदान बी मागावी. शहाबादी फरशी खडबडीत असल्यास पकड चांगली देते, पण ती चुनखडीची असल्याने सफाईचे अ‍ॅसिड पडताच फेसाळते आणि झिजते.

टाइल लावण्यापूर्वी जाळीचे तोंड बंद करून वॉटरप्रूफिंगवर 24 तास पाणी साठवावे आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे छत पाहून यावे. टाइल बसल्यावर, गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधी, जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात एक बादली ओतावी आणि दहा मिनिटांनी कोठे डबके उरले आहे ते त्याच्यासमक्ष पाहावे.