तीच वस्तू की तशीच वस्तू?

चिनी कलावंत आय वेईवेईच्या दप्तरांच्या कलाकृतीचा फोटो छापला की खाली ठरलेली ओळ असते: ‘भूकंपात गेलेल्या मुलांची ९,००० दप्तरं’. दरवेळी मला ती खटकते. ती दप्तरं त्या मुलांची नव्हती.

निषेधाच्या कलेत चप्पल, खुर्ची, दप्तर का येतात, हे वेगळं सांगायला नको. रोज हाताळलेल्या वस्तूचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. घोळ होतो तो पुढच्या प्रश्नावर. समोरची वस्तू त्या घटनेतलीच, की फक्त तशी दिसणारी?

१२ मे २००८ ला चीनच्या सिच्वान प्रांतात भूकंप झाला. निकृष्ट बांधकामाच्या शाळा कोसळल्या, पाच हजारांहून जास्त विद्यार्थी गेले. ढिगाऱ्यात विखुरलेली दप्तरं या कलावंतानं पाहिली होती. २००९ मध्ये म्युनिकच्या एका कलासंग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर त्यानं ९,००० दप्तरं लावली, पण ती नवी करवून घेतलेली. त्यांच्या रंगांतून चिनी अक्षरांत एका आईचं वाक्य उमटलं: ती या जगात सात वर्षं आनंदात जगली. ही तशीच वस्तू. उद्या दुसरी दप्तरं लावली तरी आईचं वाक्य तेच राहतं.

याच भूकंपावरचं त्याचं दुसरं काम बघा. पडलेल्या शाळांमधल्या वाकड्यातिकड्या सळया त्यानं भंगारातून विकत घेतल्या. कामगारांनी हातोड्यानं ठोकून एकेक सरळ केली, मग त्या जमिनीवर शेजारी शेजारी रचल्या. ही तीच वस्तू. इथे कारखान्यातून नवी सळई आणून ठेवली, तर काही उरतच नाही. सळई पुरावा आहे, दप्तर आठवण आहे.

म्हणूनच मी हट्टानं सांगते, जी वस्तू तशीच आहे तिला तीच म्हणू नका. खोटं पकडलं गेलं की लोक खऱ्या सळयांवरही शंका घेतात, आणि शाळा कुणी कच्च्या बांधल्या हा प्रश्न बाजूला पडतो.

फ्रेंच कलावंत मार्सेल ड्युशाँनं १९१७ मध्ये कलाकृती म्हणून मांडलेली मुतारी यात ओढू नये. मूळ हरवली, प्रतिकृती आल्या, कलाकृतीचं काही बिघडलं नाही.

खरी कठीण आहेत ती चिलीतली गोणपाटावरची कापडी चित्रं. १९७३ च्या लष्करी उठावानंतर माणसं बेपत्ता झाली, त्यांच्या घरच्या बायकांनी चिंध्या जोडून ती शिवली. काहींनी त्यात हरवलेल्या माणसाचेच कपडे वापरले. अशा चित्रात तीच आणि तशीच एकाच दोऱ्यानं शेजारी शेजारी शिवलेल्या असतात, आणि कुठला तुकडा कुणाच्या सदऱ्याचा, हे शिवणारीनं सांगितल्याशिवाय कळत नाही.