मोहाखाली रोप का नाही?

जंगल चांगलं आहे की नाही, हे आपण बहुतेक वेळा वर बघून ठरवतो. जाड बुंधे आणि दाट सावली दिसली की समाधान होतं. पण या झाडांच्या मागे कोण उभं आहे, म्हणजे उद्या त्यांची जागा घेणारी रोपं आहेत की नाही, हे कळायला खाली वाकावं लागतं, पाचोळा बाजूला सारावा लागतो.

कोणत्या घेराची झाडं किती, ही मोजदाद आपल्याकडे सुरू झाली ती सागामुळे. १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांचा कारभार डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आला. व्यापाऱ्यांची कुऱ्हाड जोरात चालली होती. ब्रँडिस हत्तीवर बसून रान तुडवत निघाला. एका हातात चार काठ्या, दुसऱ्या हातात चाकू. साग दिसला की त्याच्या घेराप्रमाणे त्या त्या काठीवर एक खाच. सहा फूट आणि त्याहून जास्त घेराची झाडं पहिल्या वर्गात, सगळ्यात बारीक झाडं चौथ्यात. जाड झाडं किती वेगाने तोडायची, हे त्यांच्या मागची झाडं किती वर्षांत तेवढी होतील त्यावर ठरवायचं, हा त्याचा हिशेब होता. मला तो आजही शहाणपणाचा वाटतो.

१८९८ मध्ये फ्रान्समध्ये लिओकूर या वनाधिकाऱ्याने हीच गोष्ट आकड्यांत मांडली. सर्व वयांची झाडं असलेल्या रानात बारीक झाडं सगळ्यात जास्त, आणि घेर वाढेल तशी संख्या ठरावीक पटीने घटत जाते. घेर आणि संख्येच्या आलेखात मधलाच एखादा टप्पा रिकामा निघाला, तर त्या घेराची झाडं रोपटी असायला हवी होती त्या काळात आग, चराई किंवा तोड झाली असणार, असा माग काढता येतो.

ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. पुढे १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली, गावांचे हक्क आकसले आणि लाकडाचं उत्पन्न वरचढ ठरलं. स्वातंत्र्यानंतरही मिश्र जंगल साफ तोडून साग लावण्याचं काम चालूच राहिलं. महाराष्ट्रात त्यासाठी १९७४ मध्ये वनविकास महामंडळ आलं. एकाच वर्षी लावलेल्या सागवनात सगळी झाडं जवळजवळ एकाच घेराची. शिडीला एकच पायरी असावी तसं. १९८८ च्या वनधोरणाने महसुलाआधी पर्यावरणाचा तोल ठेवला, तेव्हा कुठे नैसर्गिक पुनरुत्पादनाला, म्हणजे न लावता आपोआप उगवणाऱ्या झाडांना, कागदावर तरी मान मिळाला.

तरी मोहाचा प्रश्न उरतोच. विदर्भात शेताच्या बांधावर, गावालगतच्या रानात जुने, ऐसपैस मोह आहेत. खाली मनगटाएवढं झाड शोधून सापडत नाही. दोष फुलं वेचण्याचा नाही. मोहाची पाकळी फळ धरण्याआधी आपोआप गळते, ती उचलल्याने फळ कमी होत नाही. घात होतो आगीने. फुलं दिसावीत म्हणून मार्चच्या आसपास झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात आदल्या पावसाळ्यातलं रोपही जातं. पुढे पावसाच्या तोंडावर बी पडतं, तेही तेलासाठी वेचलं जातं. जे राहतं त्याची उगवण्याची ताकद काही आठवड्यांतच ओसरते. वाचून उगवलंच, तर गुरं आहेत.

आता काही गावांत झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. मग पाचोळा जाळावा लागत नाही, आणि फुलं मातीविना मिळतात म्हणून भावही बरा येतो.