मॅक्रोलाइड: कडं बदललं, जागा तीच राहिली

तीन दिवस, रोज एक गोळी. अ‍ॅझिथ्रोमायसिनची ओळख बहुतेकांना एवढीच असते. ही गोळी प्रतिजैविकांच्या ज्या मॅक्रोलाइड घराण्यातली, त्या घराण्याचं वय आता सत्तरीच्या पुढे गेलं आहे. एवढ्या काळात रसायनतज्ज्ञांनी त्याचा रेणू किती तरी वेळा मोडला आणि पुन्हा घडवला. जिवाणूच्या आत हा रेणू जिथे जाऊन बसतो ती जागा मात्र जवळपास तीच राहिली. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसपासून सिफिलिसच्या जंतूपर्यंत मॅक्रोलाइड 'लागू पडत नाहीत' अशा ज्या बातम्या येतात, त्यांतल्या बऱ्याच या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

१९४९ मध्ये फिलिपिन्समधल्या इलोइलोचे डॉक्टर आबेलार्दो आगिलार यांनी तिथल्या मातीचे नमुने अमेरिकेतल्या इलाय लिली कंपनीकडे पाठवले. ते याच कंपनीसाठी काम करत. स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूपासून मिळाल्यानंतर औषध कंपन्या जगभरची माती गोळा करत सुटल्या होत्या, त्यातलाच हा एक पुडा. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून जे. एम. मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये एरिथ्रोमायसिन वेगळं काढलं. ते 'आयलोटायसिन' या नावाने बाजारात आलं, इलोइलोवरून. औषधाच्या नावात गाव आलं. आगिलार यांनी स्वामित्वधनाची मागणी केली, पण १९९३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या हाती काही पडलं नाही.

खरं तर या घराण्यातला पहिला रेणू एरिथ्रोमायसिन नव्हे. १९५० मध्ये जर्मनीत ब्रॉकमन आणि हेंकेल यांनी पिक्रोमायसिन वेगळं केलं होतं. चवीला कडू म्हणून ग्रीक भाषेतून हे नाव. औषध म्हणून ते पुढे गेलं नाही. घराण्याला 'मॅक्रोलाइड' हे नाव १९५७ मध्ये मातब्बर अमेरिकी रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी दिलं. या सगळ्या रेणूंच्या मध्यभागी लॅक्टोन प्रकारचं भलं मोठं कडं असतं. एरिथ्रोमायसिनमध्ये ते १४ अणूंचं आहे आणि त्याला दोन साखरा लटकलेल्या आहेत. याची रचना पाहून वुडवर्ड यांच्यासारखा माणूसही १९५६ मध्ये जवळजवळ हात टेकून बसला होता. पुढे त्यांच्याच गटाने हा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधून दाखवला. तो शोधनिबंध १९८१ मध्ये छापून आला तेव्हा वुडवर्ड यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि लेखकांची यादी पन्नासच्या घरात होती.

एरिथ्रोमायसिन आलं ते अगदी गरजेच्या वेळी. रुग्णालयांमधला स्टॅफिलोकोकस पेनिसिलिनला दाद देईनासा झाला होता, तेव्हा डॉक्टरांनी नव्या औषधाला हात घातला आणि काही ठिकाणी तो फारच सढळ होता. जिथे ते सरसकट दिलं गेलं तिथे काही महिन्यांतच त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकोकस दिसू लागला.

१९५६ मध्ये फ्रान्समध्ये शाबेर यांनी अशा स्टॅफिलोकोकसमध्ये एक विचित्र वागणूक नोंदवली. ती आजही सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. पेट्री डिशमधल्या अगारवर जिवाणूचा थर पसरायचा. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या दोन चकत्या ठेवायच्या, एक एरिथ्रोमायसिनची, दुसरी क्लिंडामायसिनची, दोघींत १५ ते २६ मिलिमीटर अंतर. रात्रभर उबवणीत ठेवून सकाळी बघायचं. एरिथ्रोमायसिनच्या चकतीला लागून जिवाणू मजेत वाढलेले असतात. क्लिंडामायसिनभोवती स्वच्छ वर्तुळ उमटायला हवं, तसं ते उमटतंही, पण एरिथ्रोमायसिनच्या बाजूला ते सपाट झालेलं असतं. आकार इंग्रजी डी अक्षरासारखा, म्हणून ही डी-टेस्ट. म्हणजे एरिथ्रोमायसिनचा वास लागताच जिवाणू एका वेगळ्याच औषधाविरुद्धही कंबर कसतो. रिपोर्टवर क्लिंडामायसिनपुढे नुसतं 'सेन्सिटिव्ह' लिहून पाठवलं तर रुग्ण फसू शकतो, म्हणून ही साधी चाचणी महत्त्वाची.

हे घडतं कसं? जिवाणू आपली प्रथिनं रायबोसोममध्ये बनवतो. नवं प्रथिन धाग्यासारखं एका बोगद्यातून बाहेर पडतं. मॅक्रोलाइड या बोगद्याच्या तोंडाशी, रायबोसोमच्या २३एस नावाच्या आरएनएमधल्या २०५८ क्रमांकाच्या अ‍ॅडेनिनला बिलगून बसतात. एर्म नावाच्या जनुकापासून तयार होणारं विकर नेमक्या या अ‍ॅडेनिनवर मिथाइल गट चिकटवतं. एवढ्याशा बदलाने औषधाला टेकायला जागा उरत नाही. क्लिंडामायसिन ज्या लिंकोसामाइड गटातलं आहे तो गट आणि स्ट्रेप्टोग्रॅमिन बी हा प्रतिजैविकांचा आणखी एक गट हेही तिथेच टेकतात, म्हणून तिघांचंही एकदम बिनसतं. यातली खरी गंमत एर्म जनुक सुरू होण्याच्या पद्धतीत आहे. त्या जनुकाच्या आधी एका छोट्या पेप्टाइडचा मजकूर असतो. एरिथ्रोमायसिन बसलेला रायबोसोम तो मजकूर वाचता वाचता मध्येच अडकतो. तो अडकला की आरएनएची घडी बदलते आणि तोवर झाकलेलं एर्म उघडं पडतं. १९८० च्या आसपास बर्नार्ड वाइसब्लम आणि इतरांनी ही यंत्रणा उलगडली. औषधाने घातलेला अडथळाच इथे धोक्याची घंटा होतो!

एर्म आलं कुठून, याचा माग थेट इलोइलोच्या मातीपर्यंत जातो. एरिथ्रोमायसिन बनवणारा जिवाणू, ज्याचं आताचं नाव सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया, स्वतःच्या विषाने मरत नाही, कारण त्याच्याकडे एर्मचाच एक प्रकार आहे आणि तो स्वतःच्या रायबोसोमवर आधीच मिथाइल गट लावून बसलेला असतो. विष आणि उतारा एकाच पुड्यातून आले म्हणायचे. प्रतिरोध, म्हणजे जिवाणूने औषधाला दाद न देणं, ही माणसाने औषध वापरल्यावर जन्मलेली गोष्ट आहे असं सरसकट म्हटलं जातं, ते मला म्हणूनच अर्धवट वाटतं. आपण जन्माला घातली ती त्याची मागणी.

जिवाणूंकडे आणखीही वाटा आहेत. काही जण औषध पंपाने बाहेर फेकतात. स्ट्रेप्टोकोकसमधलं मेफ जनुक या प्रकारातलं. काही औषधाच्या रेणूलाच फॉस्फेट चिकटवून त्याला निकामी करतात. पण ज्या जंतूंमध्ये रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकाच्या प्रतीच कमी असतात, त्यांना कुणाकडून जनुक उसनं आणायची गरजच नसते. ई. कोलायमध्ये अशा सात प्रती असतात. एकीत बदल झाला तरी बाकीच्या सहा औषधाला बळी पडणारे रायबोसोम बनवत राहतात. हेलिकोबॅक्टर पायलोरीत दोनच, सिफिलिसच्या ट्रेपोनेमात दोन, मायकोप्लाझ्मा न्यूमोनियात तर एकच. तिथे २०५८ किंवा शेजारच्या २०५९ वर एक अक्षर बदललं की काम झालं.

या जंतूंची उदाहरणं एकामागून एक सापडत गेली. एड्सच्या रुग्णांमधल्या मायकोबॅक्टेरियम एव्हियम या क्षयाच्या जंतूच्या नातलगावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एकटं क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तेव्हा रुग्ण आधी सुधारले आणि काही महिन्यांत प्रतिरोधी जंतू वर आले; तेव्हापासून ते जोडऔषधाशिवाय देत नाहीत. जठरातल्या हेलिकोबॅक्टरवरच्या तिहेरी उपचाराची मदार क्लॅरिथ्रोमायसिनवर होती. तो उपचार वाया जाऊ लागला तो याच बदलामुळे. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन गटाचा तिथे उपयोग शून्य, त्यामुळे लहान मुलांमध्ये पहिली पसंती मॅक्रोलाइडला. अशा मुलांमध्ये प्रतिरोधी मायकोप्लाझ्मा जपानमध्ये २००० च्या सुमारास दिसला, आणि पुढे चीनमध्ये तर तोच बहुसंख्य झाला. सिफिलिसची हकीकत सगळ्यांत बोलकी आहे. एरिथ्रोमायसिन देऊनही बरा न झालेल्या रुग्णाकडून १९७७ मध्ये मिळालेला एक वाण प्रयोगशाळेत जपून ठेवलेला होता. त्याच्या आरएनएमधला बदल २००० मध्ये छापून आला. दोन-तीन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिलेले सिफिलिसचे रुग्ण बरे होईनात, आणि कारण तेच निघालं.

अ‍ॅझिथ्रोमायसिनकडे येण्याआधी पोटाचं सांगायला हवं. एरिथ्रोमायसिन जठरातल्या आम्लात टिकत नाही आणि त्याचे तुकडे आतड्याला पिळवटतात. ज्यांनी ते घेतलं आहे त्यांना ते वेगळं सांगायला नको. हा दोष घालवण्यासाठी जपानच्या ताइशो कंपनीने कड्यावरच्या सहाव्या जागी मिथाइल गट बसवला आणि क्लॅरिथ्रोमायसिन झालं. त्याच सुमारास, १९८० मध्ये, झाग्रेबमधल्या प्लिवा कंपनीत स्लोबोदान जोकिच यांच्या गटाने, ज्यात गाब्रिएला कोब्रेहेल यांचा मोठा वाटा होता, कड्यातच एक नायट्रोजन घुसवला. १४ अणूंचं कडं १५ चं झालं. हेच अ‍ॅझिथ्रोमायसिन. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या या कंपनीचं पेटंट फायझरच्या शास्त्रज्ञांच्या नजरेस पडलं, १९८६ मध्ये करार झाला, १९८८ मध्ये प्लिवाचं 'सुमामेड' आलं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

नव्या रेणूचा गुण असा की तो पेशींमध्ये शिरून दडून बसतो आणि फार सावकाश बाहेर पडतो; शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ६८ तास लागतात. म्हणूनच तीन दिवसांत कोर्स संपतो. पण गोळ्या संपल्या तरी औषध कित्येक दिवस शरीरात रेंगाळत राहतं. जिवाणूला मारायला अपुरं, पण सरावायला पुरेसं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधल्या एका चाचणीत २२४ निरोगी स्वयंसेवकांना अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. दोन्ही औषधांनी तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसमधलं प्रतिरोधींचं प्रमाण सरासरी पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढवलं, आणि फरक सहा महिन्यांनंतरही पुसला गेला नव्हता. एका कोर्सची ही किंमत, तीही आजारी नसलेल्या माणसांत.

उलट दिशेचा पुरावाही आहे. फिनलंडमध्ये घसा आणि त्वचेच्या साध्या संसर्गासाठी मॅक्रोलाइड कमी वापरा अशी देशव्यापी सूचना दिली गेली. दर हजार लोकांमागे रोजचे डोस १९९१ मध्ये २.४० होते, ते १९९२ मध्ये १.३८ वर आले. अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसमधला प्रतिरोध १९९२ मध्ये १६.५ टक्के होता, १९९६ पर्यंत ८.६ टक्के झाला. घट व्हायला चार वर्षं लागली, हे विसरून चालत नाही.

रसायनतज्ज्ञांचा पुढचा डाव किटोलाइडचा. कड्यावरची क्लॅडिनोज ही साखर काढून टाकली की एर्मला सहसा जाग येत नाही, आणि रेणूला जोडलेली लांब शेपूट रायबोसोमला आणखी एका ठिकाणी पकडते. टेलिथ्रोमायसिनला युरोपात २००१ मध्ये आणि अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली. मग यकृत निकामी झाल्याच्या घटना समोर आल्या आणि २००७ मध्ये अमेरिकेत त्याचे तीनपैकी दोन उपयोग काढून घेतले गेले. सोलिथ्रोमायसिन २०१६ मध्ये यकृताच्याच शंकेपायी अडलं. भारतात तयार झालेलं नॅफिथ्रोमायसिन २०२४ मध्ये जाहीर झालं. न्यूमोनियासाठी रोज ८०० मिलिग्रॅम, तीन दिवस. पुन्हा तोच तीन दिवसांचा आकडा.

दरम्यान रायबोसोमबद्दलची समजही बदलली. मॅक्रोलाइड म्हणजे बोगद्यात ठोकलेलं बूच, असं शिकवलं जायचं. शिकागोतल्या अलेक्झांडर मॅनकिन आणि नोरा वाझ्केझ-लास्लोप यांच्या कामातून दिसलं की बूच अर्धवट आहे. काही प्रथिनं बाजूने निसटतात, काहींवर विशिष्ट अमिनो आम्लांच्या क्रमापाशीच अडथळा येतो. हार्वर्डमध्ये अँड्र्यू मायर्स यांच्या गटाने २०१६ मध्ये छोट्या तुकड्यांपासून मॅक्रोलाइड जुळवण्याची पद्धत मांडून तीनशेहून अधिक नवे रेणू बनवले. नवनवे रेणू घडवताना आता मातीतल्या जिवाणूने दिलेल्या कड्यावर अवलंबून राहावं लागत नाही. मॅक्रोलोन नावाचे संकरित रेणू रायबोसोमबरोबर डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या डीएनए गायरेज या दुसऱ्याच विकरालाही धरतात. दोन्हीकडून एकाच वेळी निसटणं जिवाणूला फार अवघड जावं, असा त्यामागचा हिशेब आहे.

एका बाबतीत मात्र प्रयोगशाळेचा चष्माच तपासावा लागला. अतिप्रतिरोधी ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर अ‍ॅझिथ्रोमायसिन निरुपयोगी, असं प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमात दिसतं. २०१५ मध्ये व्हिक्टर निझेट यांच्या गटाने तेच जिवाणू शरीरातल्या द्रवाशी मिळत्याजुळत्या माध्यमात वाढवले, तर औषध चाललं. शरीराची स्वतःची जंतुनाशक पेप्टाइडं सोबतीला असली की आणखी चांगलं.

आणि मग नायजर. मॉर्डोर चाचणीत नायजर, मलावी आणि टांझानियातल्या लहान मुलांना वर्षातून दोनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं गेलं. २०१८ च्या निष्कर्षांनुसार बालमृत्यू एकंदर १३.५ टक्क्यांनी घटले, नायजरमध्ये त्याहून जास्त. तिथल्याच काही गावांमधल्या मुलांच्या नाकातल्या न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूमध्ये मॅक्रोलाइडचा प्रतिरोधही वाढला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये हे औषध फक्त १ ते ११ महिन्यांच्या बाळांना, तेही बालमृत्यू फार असलेल्या भागांतच, देण्याचा विचार करावा असं सुचवलं. २०२४ मध्ये नायजरमधल्याच पुढच्या चाचणीचे निकाल आले. फक्त बाळांना औषध दिलेल्या गावांत मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. पाच वर्षांखालच्या सगळ्याच मुलांना दिलं, तिथे घटले.